स्पिरिट ऑफ एक्स्टसी

स्पिरिट ऑफ एक्स्टसी : रोल्स-रॉइस या इंग्लिश कंपनीच्या मोटारगाड्यांच्या अग्रभागी, रेडिएटरच्या माथ्यावर बसविण्यात येणारी धातूची छोटी स्त्रीमूर्ती. चार्ल्स रॉबिन्सन साइक्स (१८७५–१९५०) या इंग्रज चित्रकार-शिल्पकाराने ती घडविली आणि ६ फेब्रुवारी १९११ रोजी तिच्या आकृतिबंधाची नोंदणी झाली. नावाचा अर्थ ‘हर्षोन्मादाची मूर्तिमंत चेतना’ असा करता येईल. इंग्लंडमध्ये ‘फ्लाइंग लेडी’ व ‘सिल्व्हर लेडी’, तर अमेरिकेत ‘एमिली’ या नावांनीही ती ओळखली जाते. पुढे झुकलेली, दोन्ही हात मागे घेतलेली आणि वाऱ्याने फुललेले वस्त्र पंखांसारखे पसरलेली ही पुतळी मोटारगाड्यांवरील सर्व शोभामूर्तींत बहुधा सर्वांत प्रसिद्ध होय. एखाद्या यंत्राला मूर्तीच्या रूपाने व्यक्तिमत्त्व देण्याचा प्रयत्न कसा होतो, त्यात कलावंत, व्यापारी आणि यंत्रविशारद यांची मते कोठे जुळतात व कोठे तुटतात, हे तिच्या इतिहासावरून चांगले कळून येते.

पार्श्वभूमी : प्रारंभीच्या मोटारगाड्यांत एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे रेडिएटर, उघड्यावर असे आणि तिचे झाकण गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला, सर्वांच्या नजरेसमोर येई. पाणी वरचेवर भरावे लागत असल्याने हे झाकण हाताने फिरवून काढता येणे आवश्यक होते. १९१२ साली अमेरिकेत एकस्व मिळालेला ‘बॉइस मोटोमीटर’ हा उष्णतामापक याच झाकणावर बसे. पाणी किती तापले आहे, हे चालकाला आपल्या आसनावरूनच दिसे. म्हणजे शोभेच्या मूर्तीला जी जागा लाभली, ती मुळात निव्वळ उपयोगाची होती. गाडीमालकांनी मात्र त्या जागेचा दुसराच उपयोग शोधून काढला. जहाजाच्या नाळेवर मूर्ती कोरण्याची चाल यूरोपात जुनीच होती. तिचेच लहान रूप रस्त्यावर अवतरले. जॉन डग्लस-स्कॉट-माँटेग्यू (१८६६–१९२९) या उमराव घराण्यातील मोटारप्रेमी गृहस्थाने १८९९ मध्ये आपल्या डेमलर गाडीवर प्रवाशांचा रक्षणकर्ता मानला जाणारा संत क्रिस्टोफर याची मूर्ती बसविली होती. इंग्लंडमधील अशा मूर्तींचा आरंभ सामान्यतः येथून मानतात.

अशा मूर्तीला रूढ झालेला ‘मॅस्कॉट’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. एद्माँ ओद्राँ या संगीतकाराची ‘ला मॅस्कोत’ ही संगीतिका १८८० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आली आणि तेव्हापासून शुभशकुनी व्यक्ती वा वस्तू या अर्थाने तो शब्द सर्वत्र पसरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तर मॅस्कॉटची एक लाटच आली. ज्याच्या मनात येईल त्याने मांजर, बेडूक, पोलीस शिपाई, विदूषक, काहीही झाकणावर बसवावे, असा प्रकार सुरू झाला. एखाद्या स्वस्त गाडीवर हे खपून जाई. परंतु ‘जगातील सर्वोत्कृष्ट मोटारगाडी’ अशी ख्याती मिळवू पाहणाऱ्या कंपनीला आपल्या गाडीच्या माथ्यावर बाजारातील बेडूक बसलेला पाहणे परवडणारे नव्हते.

कंपनी आणि क्लॉड जॉन्सन : फ्रेडरिक हेन्री रॉइस (१८६३–१९३३) हा यंत्रविशारद आणि चार्ल्स स्ट्यूअर्ट रोल्स (१८७७–१९१०) हा गाड्यांचा विक्रेता व हौशी वैमानिक यांची गाठ १९०४ मध्ये पडली आणि १९०६ मध्ये त्यांच्या संयुक्त नावाची कंपनी नोंदली गेली. त्या दोघांना जोडणारा तिसरा पुरुष म्हणजे क्लॉड गुडमन जॉन्सन (१८६४–१९२६). ‘रोल्स-रॉइसमधील जोडचिन्ह’ असा त्याचा गौरव केला जातो. ग्रेट ब्रिटन व आयर्लंडच्या ऑटोमोबाइल क्लबचा तो पहिला सचिव होता आणि १९०० सालची हजार मैलांची प्रसिद्ध मोटारचाचणी त्यानेच आयोजित केली होती. लोकांच्या मनावर एखादी वस्तू कशी ठसवावी, याची त्याला विलक्षण जाण होती. १९०७ मध्ये कंपनीच्या ‘४०/५०’ प्रकारच्या एका गाडीला रुपेरी मुलामा देऊन तिचे ‘सिल्व्हर घोस्ट’ असे नामकरण त्यानेच केले. एंजिनाचा आवाज जवळजवळ ऐकू न येणाऱ्या त्या गाडीला ‘भूत’ हे नाव शोभून दिसले आणि पुढे ते त्या साऱ्या प्रकारालाच मिळाले.

सिल्व्हर घोस्टच्या कीर्तीचे पडसाद मुंबईतही उमटले होते. १९०८ मध्ये हिंदुस्थानात आणलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही याच प्रकारची गाडी मुंबई–कोल्हापूर मार्गावरील घाटांच्या चाचणीत यशस्वी ठरली आणि नंतर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. त्या वेळी तिच्या रेडिएटरवर अर्थातच कंपनीची कोणतीही मूर्ती नव्हती. कारण ती अद्याप जन्मालाच आली नव्हती. ब्रिटिश अमदानीतील संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस गाड्यांविषयी आपल्याकडे ज्या अनेक सुरस कथा सांगितल्या जातात, त्यांपैकी पुष्कळांना कागदोपत्री आधार सापडत नाही, हेही येथेच नमूद करणे योग्य.

मूर्तीचे काम निघाले त्या सुमारास कंपनीच्या नावातील दोन्ही पुरुष कारभारापासून दूर झाले होते. जुलै १९१० मध्ये बोर्नमथ येथील विमानोड्डाणांच्या प्रदर्शनात रोल्स अपघाती मरण पावला. रॉइसची प्रकृती ढासळली होती. त्यामुळे निर्णय जॉन्सनच्या हाती आला. रॉइस धडधाकट असता तर ही मूर्ती कदाचित गाडीवर आलीच नसती, असे त्याच्या पुढील वर्तनावरून म्हणता येते.

साइक्स : चार्ल्स साइक्स याचा जन्म यॉर्कशरमधील ब्रॉटन या गावी झाला. न्यूकॅसल येथील व त्यानंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील शिक्षणाने त्याचा चित्र व शिल्प अशा दोन्ही माध्यमांत हात तयार झाला होता. माँटेग्यूने १९०२ मध्ये ‘द कार इलस्ट्रेटेड’ हे सचित्र साप्ताहिक काढले. त्याची चित्रे व मुखपृष्ठे साइक्स काढू लागला. मोटारगाडी हा तोवर चित्रकलेला अपरिचित असा विषय होता. घोड्याच्या चित्रात स्नायूंतून गती दाखविता येते. चार चाकांच्या पेटीत ती कशी दाखवावी, हा प्रश्न साइक्सला अनेक वर्षे रोजच सोडवावा लागत होता. वाऱ्यावर उडणारी वस्त्रे, मागे रेषांप्रमाणे ओढली गेलेली झाडे, प्रवाशांचे पुढे झुकलेले देह ही त्याची साधने होती. रोल्स-रॉइसच्या माहितीपुस्तकासाठी जॉन्सनने त्याच्याकडून सहा तैलचित्रेही करवून घेतली होती. संगीतिकागृह, खेड्यातील वाडा, गोल्फचे मैदान अशा ठिकाणी पोचलेली गाडी त्यांत दाखविली होती.

माँटेग्यूच्या कचेरीत एलिनर व्हेलास्को थॉर्नटन (१८८०–१९१५) ही त्याची सचिव होती. त्यापूर्वी तिने ऑटोमोबाइल क्लबमध्ये जॉन्सनच्या हाताखाली काम केले होते. साइक्ससाठी ती चित्रफलकापुढे बसत असे. तिचे व माँटेग्यूचे प्रेमसंबंध होते. माँटेग्यू विवाहित व सरदार घराण्यातील असल्याने ते जाहीर होणे शक्य नव्हते. १९०३ मध्ये जन्मलेली त्यांची मुलगी आईपासून दूर वाढली. १९१० च्या सुमारास माँटेग्यूच्या स्वतःच्या सिल्व्हर घोस्ट गाडीसाठी साइक्सने एक खासगी मूर्ती केली. वस्त्रे उडत असलेली एक तरुणी ओठांवर बोट ठेवून उभी आहे, असे तिचे रूप असून तिला ‘द व्हिस्पर’ (कुजबुज) असे नाव देण्यात आले. ही प्रतिमा थॉर्नटनवरून घडविली गेली. ओठांवरील बोट हे त्या गुप्त प्रेमाचे सूचक आहे, असे पुढील काळात सर्रास सांगण्यात येऊ लागले. ते खरे असू शकेल. परंतु आवाज न करणाऱ्या गाडीवर ‘गप्प’ अशी खूण करणारी मूर्ती असणे हा साधा विनोदही असू शकतो, ही शक्यता दुर्लक्षिता येत नाही.

आकृतिबंध : माँटेग्यूच्या गाडीवरील मूर्ती पाहून इतरांनाही तशी मूर्ती हवीशी वाटणार, हे उघड होते. कंपनीची अधिकृत अशी एकच मूर्ती असावी, म्हणजे भलत्यासलत्या आकृत्यांना आपोआप आळा बसेल, असे जॉन्सनने ठरविले आणि साइक्सला काम सांगितले. त्याच्या डोळ्यांपुढे पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील ‘सॅमोथ्रेसची विजयदेवता’ होती. १८६३ मध्ये सॅमोथ्रेस बेटावर सापडलेले हे इ. स. पू. दुसऱ्या शतकातील संगमरवरी ग्रीक शिल्प जहाजाच्या नाळेवर उतरणाऱ्या पंखधारी नायकी देवतेचे आहे. जॉन्सनची कल्पना वरवर पाहता अत्यंत समर्पक होती. त्या देवतेच्या अंगावर समोरून वारा येतो, तिच्या पायांखाली पुढे निघालेले जहाज आहे. गाडीच्या अग्रभागी तिला उभे केले की सारा अर्थ जसाच्या तसा लागू पडतो. शिवाय रोल्स-रॉइसचा रेडिएटर ग्रीक मंदिराच्या दर्शनी भागासारखा घडविलेला होता. त्याच्या कडा डोळ्यांना सरळ दिसाव्यात म्हणून मंदिराच्या स्तंभांप्रमाणेच त्यांना किंचित बाक दिलेला असे. मंदिराच्या माथ्यावर देवता असावी, हे ओघानेच आले.

तरीही साइक्सने ही सूचना जशीच्या तशी मान्य केली नाही. विजयदेवतेचा भाव जिंकल्याचा, अधिकाराचा आहे. या गाडीचा अनुभव त्याला निराळा वाटला. माँटेग्यूबरोबर त्याने सिल्व्हर घोस्टमधून प्रवास केला होता आणि एवढ्या वेगातही जाणवणारी शांतता, हे त्या गाडीचे वैशिष्ट्य त्याच्या मनावर ठसले होते. दांडगाई न करता वेगाने जाणारी वस्तू दाखवायची, तर योद्ध्याची देवता चालणार नाही, असे त्याचे मत झाले. त्याला हवी होती ती अधिक नाजूक, अधिक मानवी आकृती. येथे एक व्यावहारिक अडचणही ध्यानात घ्यावी लागते. लूव्हरमधील मूर्ती पुरुषभर उंचीहून मोठी असून तिचे पंख भव्य आहेत. तीच आकृती वीतभर उंचीत उतरविली, तर पंख म्हणजे दोन जाड पत्रे होतील आणि मूळ शिल्पाचा डौल पार नाहीसा होईल. साइक्सने पंख काढून टाकले नाहीत. त्याने त्यांचे वस्त्र केले. हात मागे नेलेले आहेत, त्यांवरून पदर पसरला आहे, आणि तो वाऱ्याने भरून येताच त्याला पंखांचा आकार येतो. म्हणजे उडण्याची शक्ती त्या स्त्रीपाशी आधीपासून नाही. ती वेगामुळे लाभते. या एका बदलात साऱ्या आकृतिबंधाचे मर्म आहे.

अशा मूर्तीपुढे आणखी एक कठीण अट असते. संग्रहालयातील शिल्प पाहणारा त्याच्याभोवती फिरतो. येथे मात्र तीन निरनिराळे पाहणारे तीन ठराविक बाजूंनी पाहतात. रस्त्यावरच्या माणसाला ती समोरून वा बाजूने दिसते, शेजारून जाणाऱ्याला क्षणभरच दिसते आणि गाडीतल्या माणसाला तासन्‌तास फक्त तिची पाठ दिसते. साइक्सची मूर्ती बाजूने पाहिली असता पायाच्या घोट्यापासून हनुवटीपर्यंत एकच तिरकस रेषा धावते आणि वस्त्राची रेषा तिला मागून तोलून धरते. म्हणूनच क्षणार्धातही तिचा आकार डोळ्यांत भरतो. पाठीकडून पाहता पसरलेल्या वस्त्रामुळे तिचा आकार त्रिकोणी व स्थिर दिसतो. समोरची बाजू या तिहींत सर्वांत कमी परिणामकारक वाटते, कारण पुढे झुकलेल्या देहाची उंची तीतून लपते. सर्वांत मोठी युक्ती अशी, की मूर्ती स्वतः हलत नसूनही गाडी थांबलेली असताना ती धावत असल्याचा भास होतो.

फेब्रुवारी १९११ मध्ये साइक्सने मूर्ती कंपनीच्या स्वाधीन केली. प्रथम तिला ‘स्पिरिट ऑफ स्पीड’ म्हणजे वेगाची चेतना म्हणत असत. जॉन्सनला ते नाव पुरेसे वाटले नाही. रस्त्यावरील प्रवास हाच आपला सर्वोच्च आनंद मानणारी आणि ताज्या हवेत, उडत्या वस्त्रांच्या नादात रमून जाऊन गाडीच्या अग्रभागी उतरलेली एक चेतना, अशा आशयाचे वर्णन करून त्याने तिचे आजचे नाव रूढ केले. वेग ही तर कोणत्याही कंपनीला विकता येणारी गोष्ट होती. आनंद विकण्याचे धोरण मात्र नवे होते आणि जाहिरातीच्या इतिहासात त्याला स्थान दिले पाहिजे.

रॉइसला ही मूर्ती कधीच रुचली नाही. चालकाची समोरची नजर तिच्यामुळे अडते, असे त्याचे म्हणणे असे आणि तो ज्या गाड्यांतून फिरे त्यांवर ती क्वचितच आढळे. यंत्राचा एकही भाग विनाकारण असू नये, हे त्याचे आयुष्यभराचे तत्त्व होते आणि या मूर्तीला यांत्रिक दृष्ट्या काहीही कारण नव्हते. ग्राहकांवरही तिची सक्ती नव्हती. अधिकृत रीत्या ती १९३९ पर्यंत ऐच्छिक वस्तूंच्या यादीत होती.

घडण : मूर्ती मेणसाचा पद्धतीने ओतली जाई. या पद्धतीत प्रथम मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर उष्णतारोधक मातीचा लेप देतात. साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. धातू थिजल्यावर साचा फोडावा लागत असल्याने प्रत्येक साच्यातून एकच मूर्ती निघते. भारतीय मूर्तिकारांना हीच पद्धती ‘मधूच्छिष्टविधान’ या नावाने परिचित होती आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन आले आहे. ओतकामानंतर साइक्स प्रत्येक नग स्वतःच्या हाताने साफसूफ करी; त्यामुळे सुरुवातीच्या दोन मूर्ती तंतोतंत सारख्या आढळत नाहीत. चेहऱ्याच्या ठेवणीत, बोटांच्या आकारात, वस्त्राच्या चुण्यांत बारीक फरक असतात. बैठकीवर त्याची सही किंवा कंपनीचे नाव व नोंदणीची तारीख कोरलेली असे. १९२८ पासून हे काम त्याची मुलगी जोसेफिन हिने पुढे चालविले. मोटारगाडीसारख्या कारखानी वस्तूच्या टोकाला अशा प्रकारे दीर्घकाळ एका कुटुंबाची हातकारागिरी टिकून होती, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे.

आरंभीच्या मूर्ती सु. १८ सेंमी. उंच व चांदीचा मुलामा दिलेल्या होत्या. त्या भरीव चांदीच्याच आहेत अशा समजुतीने त्यांच्या चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा १९१४ च्या सुमारास चांदीऐवजी निकेलचा मुलामा देण्यात येऊ लागला. त्यानंतर क्रोमियमचा मुलामा व पुढे अगंज पोलाद वापरात आले. १९२० मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या मॅस्कॉटांच्या स्पर्धेत सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तीला पहिले पारितोषिक मिळाले.

मूर्तीमागील स्त्री : ‘द व्हिस्पर’ थॉर्नटनवरून घडविली गेली यात शंका नाही. तीच कंपनीच्या मूर्तीचीही नायिका होय, अशी समजूत सर्वत्र रूढ असून ‘एमिली’प्रमाणेच ‘एली’ हे लाडके नावही तिच्याच नावाशी जोडले जाते. या समजुतीला बळकटी देणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत : शिल्पकार तोच, काळ जवळजवळ तोच, ती त्याची नेहमीची प्रतिमान-स्त्री होती आणि काम देणारा जॉन्सनही तिला पूर्वीपासून ओळखत होता. मात्र या सर्वांवरून निघते ते अनुमान आहे, पुरावा नव्हे. वीतभर मूर्तीच्या चेहऱ्यावरून, त्यातही हातकामामुळे नगागणिक बदलणाऱ्या चेहऱ्यावरून, व्यक्ती ओळखणे अशक्यप्राय आहे. या समजुतीला आजचे भावपूर्ण रूप येण्यास थॉर्नटनचा अकाली मृत्यू मुख्यतः कारण झाला असावा.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारचा यांत्रिक वाहतुकीविषयीचा सल्लागार म्हणून माँटेग्यूची नेमणूक झाली. पदावर रुजू होण्यासाठी तो डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईकडे निघालेल्या ‘पर्शिया’ या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीने प्रवास करीत होता आणि थॉर्नटन त्याच्यासमवेत होती. ३० डिसेंबर रोजी दुपारी, क्रीट बेटाच्या दक्षिणेस, जर्मनीच्या यू-३८ या पाणबुडीने कोणतीही पूर्वसूचना न देता बोटीवर पाणतीर सोडला. बोट काही मिनिटांतच बुडाली आणि तीवरील ५१९ जणांपैकी ३४३ जण मृत्यू पावले. माँटेग्यूने थॉर्नटनला धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. परंतु पाण्याच्या लोंढ्यात तिचा हात सुटला. हवा भरता येणारे जाकीट अंगात असल्याने तो स्वतः वाचला आणि इंग्लंडला परतल्यावर आपल्याच निधनाच्या वार्ता वाचण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. कपूरथळ्याचे महाराज जगतजितसिंग हेही याच बोटीने निघाले होते. ते मार्सेल्स येथे उतरले म्हणून वाचले, मात्र त्यांचे जडजवाहीर बोटीबरोबर गेले. २००३ मध्ये अवशेषांचा शोध घेणाऱ्यांनी समुद्रतळावरून काही रत्ने वर आणली. थॉर्नटन त्या वेळी ३५ वर्षांची होती. समुद्रात बुडालेल्या या स्त्रीची म्हणून ओळखली जाणारी मूर्ती तोवर चारच वर्षांची झाली होती.

समकालीन मूर्ती : रोल्स-रॉइसचे अनुकरण व प्रतिस्पर्धा अशा दोन्ही प्रेरणांतून अन्य महागड्या गाड्यांनीही आपापली चिन्हे घडविली. यांत सर्वांत अर्थपूर्ण म्हणावी अशी ‘हिस्पानो-स्विझा’ या गाडीवरील उडता करकोचा. महायुद्धात या कंपनीची एंजिने लढाऊ विमानांत बसविली जात. १९१७ मध्ये बेपत्ता झालेल्या जॉर्ज गीन्मेर या फ्रेंच वैमानिकाच्या तुकडीचे करकोचा हे चिन्ह होते. त्याचे स्मारक म्हणून फ्रांस्वा बाझँ या शिल्पकाराने १९१९ मध्ये तो घडविला. बुगाटी कंपनीच्या ‘रोयाल’ या प्रचंड गाडीवर, जिच्या फक्त सहाच प्रती तयार झाल्या, मागील पायांवर उभा राहिलेला हत्ती आहे. तो कंपनीच्या संस्थापकाचा अकाली निवर्तलेला शिल्पकार भाऊ रेंब्राँ बुगाटी याच्या शिल्पावरून घेतला. रने लालिक या फ्रेंच काचकारागिराने १९२५ पासून काही वर्षे काचेच्या मूर्ती केल्या. त्या आतून दिव्याने उजळता येत. जॅग्वारची झेपावणारी मांजरकुळातील आकृती फ्रेडरिक गॉर्डन क्रॉस्बीने १९३८ मध्ये रेखाटली. या सर्वांत करकोच्याला निश्चित इतिहास आहे, हत्तीला करुण पार्श्वभूमी आहे आणि काचेला तेज आहे. तथापि गाडीशी पूर्ण एकजीव झालेली मूर्ती साइक्सचीच, असे मत द्यावेसे वाटते.

नंतरची रूपे : १९३० नंतर गाड्यांच्या पेट्या बुटक्या व लांबट होऊ लागल्या आणि उभी मूर्ती त्यांना उंच वाटू लागली. रॉइसची जुनी तक्रार अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतर कंपनीने मान्य केली, असेच म्हणावे लागेल. जानेवारी १९३४ मध्ये साइक्सकडून गुडघे टेकलेली मूर्ती करवून घेण्यात आली. ती पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक प्रकारांवर वापरली गेली. कमी उंचीचा हेतू तिने साधला. परंतु गुडघे टेकलेल्या आकृतीत धाव नसून प्रार्थनेची मुद्रा येते आणि मूळ कल्पनेपासून ती दूर जाते. १९५५ पासूनच्या ‘सिल्व्हर क्लाउड’ गाड्यांवर उभी मूर्ती परत आली. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या राजकीय गाड्यांवर मात्र तिच्याऐवजी एडवर्ड सीगो या चित्रकाराने योजलेली, ड्रॅगनचा वध करणाऱ्या संत जॉर्जची मूर्ती बसविण्यात येत असे.

१९७० नंतर पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आला. गाडीच्या बाहेर निघालेली टोके अपघातात घातक ठरतात, म्हणून यूरोपीय आर्थिक समुदायाने १९७४ मध्ये त्यांसंबंधी नियम केले. पुष्कळ कंपन्यांनी अशा मूर्ती काढूनच टाकल्या. रोल्स-रॉइसने तिला खाली जाण्यास शिकविले : १९८० मध्ये आलेल्या ‘सिल्व्हर स्पिरिट’ गाडीवर धक्का लागताच ती स्प्रिंगच्या योगे रेडिएटरच्या कवचात शिरते. २००३ च्या ‘फँटम’ गाडीत ती बटण दाबून किंवा दार कुलूपबंद करताच आत ओढली जाते. सुरक्षिततेसाठी केलेली योजना अशा रीतीने चोरीवरचा उपायही ठरली.

मालकीचा वाद : मूर्ती ही किती मोलाची वस्तू असू शकते, हे १९९८ मध्ये दिसून आले. कंपनीचा मोटारविभाग १९७१ च्या आर्थिक संकटानंतर विमानांची एंजिने करणाऱ्या विभागापासून १९७३ मध्ये विलग झाला होता आणि १९८० पासून व्हिकर्स कंपनीकडे होता. व्हिकर्सने तो विकायला काढला, तेव्हा बीएमडब्ल्यूच्या ३४ कोटी पौंडांच्या मागणीवर मात करून फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने तो ४३ कोटी पौंडांना घेतला. कारखाना, रेडिएटरचा आकार आणि ही मूर्ती तिच्या मालकीची झाली. परंतु ‘रोल्स-रॉइस’ या नावाचा हक्क मोटारविभागाकडे नव्हताच. तो विमान-एंजिनांच्या कंपनीकडे होता आणि तिने तो बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांना दिला. एकीकडे मूर्ती, दुसरीकडे नाव, अशी विचित्र विभागणी झाली. मूर्तीशिवाय त्या नावाची गाडी अथवा नावाशिवाय मूर्ती असलेली गाडी, यांपैकी काहीच विकले गेले नसते. बीएमडब्ल्यूकडून मिळणाऱ्या एंजिनांवरही फोक्सवॅगन अवलंबून होती. अखेर २००२ च्या अखेरपर्यंत नाव व मूर्ती फोक्सवॅगनने वापरावी आणि १ जानेवारी २००३ पासून दोन्ही बीएमडब्ल्यूकडे यावीत, अशी तडजोड झाली. बीएमडब्ल्यूने ससेक्समधील गुडवुड येथे नवा कारखाना उभारला.

कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये, आकृतिबंधाच्या नोंदणीला १११ वर्षे झाल्याच्या निमित्ताने, मूर्तीचे नवे रूप जाहीर केले. ‘स्पेक्टर’ या विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी हवेचा विरोध कमी होईल असे तिला घडविण्यात आले. आधीची मूर्ती पाय जुळवून सरळ उभी असे व कमरेतून झुकत असे. नवीन मूर्तीत एक पाय पुढे टाकलेला असून देह अधिक खाली वाकलेला आहे. तिची उंची १००.०१ मिमी. ऐवजी ८२.७३ मिमी. आहे. आकृतिबंध व वातबोगद्यातील चाचण्या यांवर एकूण ८३० तास खर्च झाले. समोरून येणारा वारा हा साइक्सच्या लेखी वस्त्र फुलविणारा सोबती होता. आता प्रथमच त्याचे प्रत्यक्ष मापन करून मूर्तीची रेषा आखण्यात आली. मात्र मूर्तीचे ओतकाम आजही मेणसाचा पद्धतीनेच करण्यात येते.